अण्णांच्या तेवीस डब्या

वसंतअण्णा, अन्याय तुमच्यावर झाला आणि तो उगादीनंतरच्या, म्हणजे आपल्या पाडव्यानंतरच्या, पहिल्या सोमवारी झाला. सकाळचा चहा आटोपल्यावर, जेवणाची घंटा व्हायच्या आधी. तुम्ही त्या दिवशी रजेवर होता, कारण तुमच्या बायकोच्या, अक्कांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तुमच्या कारखान्याच्या ज्या खोलीत जेट इंजिनाची पाती धुळीपुढे किती टिकतात ते तपासतात, त्या खोलीत तुमच्या तेवीस डब्यांना ओली फडकी गुंडाळण्यात आली आणि वरची लेबलं भिजवून, खरवडून काढण्यात आली. प्रत्येक लेबलावर तुमच्या तिरक्या अक्षरात तीन गोष्टी होत्या: धूळ कुठली, कोणत्या महिन्यातली, कोणी आणली. त्या जागी छापील आकडे चिकटवले. एक ते तेवीस.

हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. तुम्ही असता तर खाली ढकलायला लावलं असतं. "आधी नमस्कार, मग भांडण," म्हणाला असता. आता कोण अडवणार आहे मला?

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. आपल्या मराठी मंडळाच्या अंकवाल्यांनी सांगितलं की अण्णांवर पानभर लिहून द्या: जन्म, शिक्षण, नोकरी, पश्चात परिवार. मी म्हटलं, ते मला येत नाही, मला पत्रकं लिहिता येतात. ते म्हणाले, मग तसं लिहा, पण शिव्या नकोत. बघू.

तुम्ही मला भेटलात तेही पत्रकामुळेच. सर्जापूर रोडच्या सिग्नलला मी उभी होते, हातात शंभर पत्रकं, तोंडाला रुमाल. बांधकामाचे उघडे ट्रक दिवसभर आमच्या सोसायटीपुढून जायचे आणि त्यांची धूळ आमच्या ताटात पडायची, त्याविरुद्ध आमचं आंदोलन होतं. आंदोलन म्हणजे मी आणि दोन मैत्रिणी. तुम्ही भाचीकडे बारशाला आला होता, अंगावर इस्त्रीचा शर्ट. लोक पत्रक घेतात, घडी करतात, चार पावलांवर टाकतात. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून ते शेवटपर्यंत वाचलंत. मग परत आलात.

"यात धूळ शब्द सात वेळा आलाय. कुठली धूळ?"

"म्हणजे काय? धूळ ती धूळ."

"सरी, बरं. मग पाणी ते पाणी. त्या गटारातलं पी बघू."

मी नागपूरची. मला असं बोललेलं कळतं आणि आवडतंही, पण त्या दिवशी रागच आला. तुम्ही माझ्या रागाकडे लक्ष दिलं नाहीत. खिशातून दाढीचा जुना ब्रश काढलात, उभ्या गाडीच्या टपावरची धूळ माझ्याच पत्रकावर गोळा केलीत, आणि शेवपुडीसारखी पुडी बांधलीत. चिमूट बोटांत चोळून म्हणालात, "यात सिमेंट आहे. म्हणजे चुना आला. ही वितळेल." आणि निघून गेलात. इतकी वर्षं पत्रकं वाटतेय, पण माझं पत्रक कोणाच्या तरी कामी आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या पत्रकात मी धूळ हा शब्द एकदाही वापरला नाही. कोणत्या बांधकामाच्या कोणत्या फाटकातून कोणती भुकटी सांडते, तेवढं लिहिलं. आठवड्याच्या आत त्या ट्रकांवर ताडपत्री आली. हे तुम्हाला सांगायला म्हणून तुमच्या भाचीकडून पत्ता घेऊन जे. पी. नगरला तुमच्या घरी आले, आणि मग येतच राहिले.

तुमच्या घरी काचेच्या कपाटात कपबश्या नव्हत्या. डब्या होत्या. हिंगाच्या, तपकिरीच्या, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या, एक कुंकवाचा करंडा, एक बाळाच्या पावडरचा डबा. ज्याने ज्या डबीतून धूळ आणली ती त्याच डबीत राहिली, वर तुमचं लेबल. वेगळी वही ठेवायची तुमची पद्धत नव्हती. "वही एकीकडे जाते, डबी दुसरीकडे. डबीवर लिहिलं की दोघं बरोबर राहतात." यावर मी मान डोलावली होती. तुमच्याशी ज्या थोड्या बाबतीत माझं एकमत झालं त्यातली ही एक, आणि नेमकी हीच महागात पडली.

अक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "लोकांचे नातेवाईक दुबईहून खजूर आणतात. आमच्याकडे माती येते. धाकटा भाऊ जैसलमेरला गेला तर याने त्याला विमानतळावर काय सांगितलं विचार."

"काय सांगितलं?"

"बुटं झटकू नकोस, म्हणाला."

तुम्ही आत पेपर वाचत होता. तिथूनच म्हणालात, "आणि त्याने झटकली. त्याचा मला अजून राग आहे."

तुमची नोकरी मला कळायला तीन रविवार लागले. तुम्ही डिप्लोमावाले, इंजिन तपासनीस. इंजिन न उघडता त्याच्या पोटात बारीक नळीचा कॅमेरा सोडायचा आणि पाती बघायची, हे तुम्ही तीस वर्षं केलंत. तुम्ही मला स्वयंपाकघरात समजावलंत, अक्का दोसे घालत होत्या म्हणून तिथेच. इंजिनाच्या पोटातली हवा इतकी तापते की नुसतं पातं तिथे टिकणार नाही. म्हणून त्याच्या अंगावर चिनी मातीच्या भांड्यासारखा पातळ थर असतो, आणि अंगभर सुईएवढी भोकं, त्यांतून गार हवा खेळते. वाळवंटातल्या धावपट्टीवरून उडणारं विमान धूळ गिळतं. ती धूळ आत वितळते, काचेसारखी होते, भोकं बुजवते, थरात झिरपते. इंजिन गार झालं की ती काच थराला घेऊन सोलून निघते. तुम्ही तव्यावरच्या करपलेल्या दोशाची कड उलथण्याने उचललीत आणि म्हणालात, "अशी." अक्का म्हणाल्या, "माझे दोसे कधी करपत नाहीत, तू बोलतोयस म्हणून करपला."

आणि मग ती वाळू धुण्याची गोष्ट. अण्णा, ती तुम्ही मला निदान सहा वेळा सांगितलीत आणि सहाही वेळा तुम्हाला ठसका लागला.

तुमच्या साहेबांना पात्यांची धुळीची चाचणी घ्यायची होती. माणूस काटेकोर. चाचणी आज केली काय नि वर्षाने केली काय, उत्तर तेच यायला हवं. म्हणून त्यांनी उत्तम पांढरी वाळू मागवली, चाळली, तीनदा धुतली, भट्टीत वाळवली. तुम्ही दारात उभे. तुम्ही विचारलंत, "सर, हे काय चाललंय?" ते म्हणाले, "अण्णा, चाचणीत घाण नको."

"धुळीच्या चाचणीत घाण नको," हे तुम्ही मांडी थोपटून सांगायचात. "अगं, शेंगावाला कढईत वाळू घालून शेंगा भाजतो. त्याची वाळू कधी वितळलेली पाहिलीस? नुसती वाळू साधू असते. तिच्यात चुना, जिप्सम, मीठ, जनावरांचं शेण, सगळा संसार मिसळला की ती वितळायला लागते. यांनी संसार धुऊन टाकला आणि साधूची परीक्षा घेतली."

पाती अर्थातच उत्तम गुणांनी पास झाली. तुम्ही तेव्हा तोंडी सांगितलंत, लेखी सांगितलंत, आणि बैठकीत एक तरुण इंजिनिअर म्हणाला, अण्णांना सगळ्यात मसाला लागतो. सगळे हसले. तुम्हीसुद्धा हसलात. हे तुमचं मला कधी पटलं नाही.

पुढे वाळवंटातून एक इंजिन परत आलं. तुम्ही कॅमेरा आत सोडलात आणि पडद्यावर पाती दिसली. लोणच्याच्या बरणीला असते तशी झिलई चढलेली, भोकं बुजलेली. साहेब खाली आले. पडद्यावरची पाती बघितली. मग म्हणाले, "अण्णा, तुमच्या त्या डब्या आहेत का अजून?"

तुम्ही तेवीस डब्या नेल्यात. नवं पातं ज्योतीपुढे धरून तुमची धूळ भुरभुरली, आणि ते अगदी वाळवंटातल्या इंजिनासारखं बिघडलं. त्या संध्याकाळी तुम्ही मैसूरपाकाचा पुडा घेऊन घरी आलात. अक्कांनी विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, "पातं नापास झालं." अक्का मला म्हणाल्या, "आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण याला कशाचा आनंद होईल ते मला अजून सांगता येत नाही." मी त्या दिवशी चार वड्या खाल्ल्या. ज्याने खोटं पास होणं थांबवलं त्या माणसाच्या घरी बसून खाल्ल्या. अण्णा, माझ्या आंदोलनात पुन्हा कधी जिंकले तर मला तसा चेहरा हवाय, त्या संध्याकाळी तुमचा होता तसा.

त्यानंतर पात्यांच्या थराची कृती बदलली. नव्या थरात ती काच खोल झिरपत नाही, वरच अडकून बसते. तो थर जास्त टिकतोय. कुठल्यातरी उजाड धावपट्टीवरून उडणारी माणसं त्यामुळे सुखरूप उतरतील, आणि त्यांना तुमचं नाव माहीत नसेल. याचं तुम्हाला काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं. अजून वाटतं.

मग तो सोमवार आला. नियम असा की नमुन्याच्या डबीवर गोंद, शाई, हळदीची बोटं असलं काही नको. कोणीतरी नियम पाळला. आकड्यांसमोर कोणतं लेबल होतं याची यादी करावी, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. पुढच्या अहवालात छापून आलं: धुळीचे नमुने, एक ते तेवीस, कर्मचाऱ्यांनी गोळा केलेले. आधी धूळ धुतली, मग नावं धुतली. ज्यांना स्वच्छतेची एवढी सवय लागते त्यांना पुसलेलं दिसत नाही.

तो अहवाल तुम्ही दाखवलात त्याच दिवशी मी पत्रक लिहायला घेतलं. तुम्ही म्हणालात, आधी यादी करू. तू मला एकेका डबीचा आकार विचार, मी आठवून सांगतो. मी म्हटलं, यादी होईल हो, आधी जाब विचारू. असे आपले पाच रविवार गेले. तुम्ही माझ्या मसुद्यातले शब्द काढत होता, मी परत घालत होते.

"निर्लज्ज काढ."

"का? आहेतच ते."

"नाहीत. नीटनेटके आहेत. निर्लज्जाशी भांडणं सोपं असतं, पत्रकबाई."

"तुम्हाला तुमचं नाव नकोच आहे ना अहवालात?"

"हारासाठी नको. पण धूळ संपली तर पुन्हा कोणाकडे मागायची, तेवढ्यासाठी पाहिजे. माझं आणि त्या तेवीस जणांचं."

मी म्हटलं, हा भित्रेपणा आहे. तुम्ही म्हणालात, "स्वल्प आहे." आणि कॉफी ओतलीत.

त्या पाच रविवारांत नऊ डब्या लिहून झाल्या. पाच रविवार, नऊ डब्या. मनात आणलं असतं तर एका दुपारी तेवीस झाल्या असत्या. सहाव्या रविवारच्या आधी, गुरुवारी सकाळी, फिरून येऊन बुटांच्या नाड्या सोडता सोडता तुम्ही गेलात.

हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं: तुमचं बरोबर होतं. आधी यादी. मला भांडणाची घाई होती आणि तुम्हाला कामाची. भित्रेपणाचा शब्द मी मागे घेते. "निर्लज्ज" घेणार नाही, त्यावर आपलं अजून ठरायचंय.

तेराव्याला तुमचे साहेब आले. हातात खोका, खोक्यात तेवीस डब्या. मी दारातच उभी राहिले. जिभेवर सगळं पत्रक तयार होतं. त्यांनी चपला काढल्या, तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि अक्कांसमोर सतरंजीवर बसले. ते कन्नडमध्ये बोलत होते, माझ्याकडे वळले की हिंदीत. म्हणाले, "अक्का, चूक आमची आहे. मी हे परत द्यायला आलो नाही. मदत मागायला आलोय."

अक्कांनी नवा चष्मा लावला. खोक्यात हात घालून एकेक डबी उजेडात धरायला लागल्या. "हा करंडा माझ्या आईचा. बागलकोटची माती, शेतातली, आमच्या वहिनीने दिलेली. हा पावडरचा डबा भाचीच्या मुलीचा, सर्जापूर रोड, ते हिच्या पत्रकातलं सिमेंट." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, माझंच." अक्का पुढची डबी उघडून हसायलाच लागल्या. "ही जैसलमेरची. भावाने बुटं झटकली होती ना, मग याने त्याच्या पायमोज्यांतून काढली." तेराव्याच्या घरात सगळे हसले. आत पानं मांडणाऱ्या बायका बाहेर आल्या, काय झालं म्हणून. साहेब हसता हसता डोळे पुसत होते आणि भराभर लिहून घेत होते. अण्णा, तुम्ही सांगितलेल्या नऊ आणि अक्कांनी ओळखलेल्या पाच. चौदा झाल्या.

मी विचारलं, "आणि अहवालात नावं?"

"सुधारून काढणार आहोत. यादी जोडू. पहिलं नाव अण्णांचं."

"लिहून द्या."

अक्का म्हणाल्या, "अय्यो, त्यांना कॉफी तरी पिऊ दे गं." साहेबांनी कॉफी बाजूला ठेवली आणि लिहून दिलं, खाली सही. तो कागद माझ्याकडे आहे.

मग त्यांनी खोक्यातून एक डबी वेगळी काढून सतरंजीवर ठेवली. अकरा नंबर. अक्कांनी ती फिरवून फिरवून बघितली आणि मान हलवली. साहेब म्हणाले, तेवीस धुळी एकेक करून तपासल्या तेव्हा सगळ्यांत लवकर वितळली ती ही. नवा थर बाकी सगळ्यांपुढे टिकला. हिच्यापुढे टिकतो की नाही ते नक्की सांगता येत नाही, कारण डबीत आता चमचाभरही उरलेली नाही. मी म्हटलं, प्रयोगशाळा आहे तुमची, काय काय आहे त्यात ते काढा आणि तसली बनवा. ते म्हणाले, बनवली. घटक तेच, मापं तीच, पण ती तशी वितळत नाही. निसर्गात ते कण जसे एकमेकांना धरून असतात तसे आम्हाला जमत नाहीत. "कुठली आहे ते कळलं तर मी स्वतः जाऊन पोतंभर आणीन, न धुता," म्हणाले. शेवटचे दोन शब्द बोलताना त्यांनी तुमच्या फोटोकडे बघितलं.

तेव्हा अण्णा, आता स्वल्प बाजूला व्हा. मला वाचणाऱ्यांशी बोलायचंय.

हा अंक बनशंकरीपासून सर्जापूर रोडपर्यंत मराठी घरांत जातो. तुमच्यापैकी निम्म्यांना अण्णांनी कधी ना कधी धूळ मागितली आहे, आणि तुम्ही हसत हसत ती आणून दिली आहे. नऊ डब्या अजून अनाथ आहेत, पण आज एकीबद्दल विचारते. चपटी, गोल, पत्र्याची डबी, तळहातावर मावेल एवढी. झाकणावर गुलाबाचं चित्र, अर्धं उडालेलं. आत झाकणाला कापसाचा पातळ थर. धूळ फिक्कट बदामी, बोटाला मैद्यासारखी लागते. ही डबी तुम्ही दिलीत, किंवा तुमच्या सासऱ्यांनी, किंवा आता परदेशी असलेल्या मुलाने. घरात विचारा. फोन करून विचारा. "राजस्थानची असेल" असं कळवू नका. गाव सांगा, रस्त्याची कोणती बाजू ते सांगा, महिना सांगा, कोणी झाडून भरली ते सांगा. कागदावर लिहा, खाली स्वतःचं पूर्ण नाव घाला आणि जे. पी. नगरला अक्कांच्या हातात नेऊन द्या. हा अंक मिटायच्या आधी लिहायला बसा.